हरताळ

आत्याचा चौरंग दिल्लीला आला तो मडगावहून निजामुद्दीनला येणाऱ्या गाडीत, बर्थखाली, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळून. सावंतवाडीचं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा भावंडांनी आपापल्या सोयीच्या वस्तू उचलल्या. कुणी घंगाळ, कुणी समई, कुणी नुसताच पाटा-वरवंटा. चौरंग कुणाला नको होता. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, फूटभर उंच आणि निळा. खिडकीच्या गजांना देतात तो निळा. एका पायावर ऑइलपेंटचा ओघळ तसाच सुकून राहिलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की आत्या ह्या चौरंगावर बसून फणस फोडायची, विळीला आणि हाताला खोबरेल चोपडून. नंतर त्यावर रेडिओ आला, आणि तिच्या शेवटच्या वर्षांत औषधांचा डबा. मला तो निळाच आठवतो. मी तो आणला तोही निळाच म्हणून.

नोएडात दीड वर्ष तो चपलांच्या कपाटावर उलटा पडून होता. गेल्या नोव्हेंबरात मुलीच्या हातून त्याच्यावर मिक्सरचं भांडं पडलं आणि कोपऱ्याचा रुपयाएवढा पोपडा उडाला. खाली लाल होतं. लालावर पिवळी रेघ, आणि रेघेला टेकलेलं अर्धं पान.

सावंतवाडीच्या चितार आळीशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. लाकडी फळं, पाट, चौरंग, देव्हारे, आणि गंजिफा: गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा मिळून एकशे वीस. रंग द्यायच्या आधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड ह्यांचा अस्तर-थर, त्यावर चित्र, त्यावर लाखेचा लकाकता हात. चौरंग आत्याच्या लग्नातला, 1961 सालचा. म्हणजे निळ्याखाली चितार आळीतल्या कुणाचं तरी काम तेरा वर्षं उघडं आणि नंतरची पन्नासएक वर्षं झाकलेलं होतं. तेरा वर्षं असं मी ठामपणे म्हणते, कारण आत्याचे यजमान 1974 मध्ये गेले, आणि चौरंग त्याच वर्षी निळा झाला एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं.

आता ह्यातून काय अर्थ निघतो? मला तरी तो त्याच रात्री निघाला. लग्नातला चौरंग, लाल-पिवळा, वेलबुट्टीचा. नवरा गेला. हळदीकुंकवाची आमंत्रणं बंद झाली. आणि तिनं स्वतःच्या हातानं त्या लाल-पिवळ्यावर निळा रंग फासला. मी तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलं आहे, मला एवढं आयतं प्रतीक पुरतं. मी भाषांतरांच्या वहीत दोन ओळी टिपूनही ठेवल्या, आणि रविवारी त्या निळ्याखालून आत्याची सुटका करायची असं ठरवलं. ‘सुटका’ हाच शब्द वहीत आहे.

मराठीत ह्या कामासाठी एक वाक्प्रचार आहे: हरताळ फासणे. आज आपण तो मेहनतीवर पाणी फिरवणे ह्या अर्थी वापरतो, आणि बाजार बंद ठेवण्याच्या हरताळाशी त्याची गल्लत करतो. तो हरताळ वेगळा, गुजरातीतून आलेला, हाटाला ताळं लावणारा. हा हरताळ म्हणजे पिवळा खनिज रंग, गंधक आणि सोमल ह्यांचा संयोग. पोथी नकलताना लेखनिकाच्या हातून चूक झाली की तो त्या अक्षरावर हरताळाचा लेप द्यायचा आणि सुकल्यावर त्यावर बरोबर अक्षर लिहायचा. जुन्या चित्रकारांच्या रंगांतला पिवळाही पुष्कळदा हाच. म्हणजे एकाच डबीतला रंग एकीकडे फूल काढत होता आणि दुसरीकडे चूक झाकत होता. हरताळ अक्षर खोडत नाही, झाकतो. पोथी उजेडात तिरकी धरली तर खालचं अक्षर कधीकधी वाचता येतं. ‘फासणे’ ह्या क्रियापदातला तिरस्कार मागाहून आलेला असावा. लेखनिकाच्या दृष्टीनं ती दुरुस्तीच होती.

आत्याचा निळा ही दुरुस्ती होती की खोडणं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला तो खरवडायला बसल्यावर, आणि तोही आधी तांत्रिक अडचण म्हणून.

पहिल्यांदा मी चौरंग घेऊन पॉलिशवाल्याकडे गेले होते. त्यानं तो उलटापालटा करून पाहिला, नखानं टोकरलं, म्हणाला, “पूरा घिस देंगे मैडम, नया निकलेगा.” वर डुको मारायचा की पीयू एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्या मागे चौदा-पंधरा वर्षांचा वाटणारा एक मुलगा एका जुन्या दारावर रेगमाल फिरवत होता. तोंडाला काही नाही. पापण्यांपर्यंत पांढरा. (रेगमाल म्हणजे आपला पॉलिश पेपर. वीस वर्षं दिल्लीत राहूनही काही वस्तू मला हिंदीतच आठवतात आणि काही मराठीतच. चौरंगाला हिंदीत ‘चौकी’ म्हणावं लागतं, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो.) भारतात घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत नव्वद भागांवर आणणारा नियम 2016 चा, आणि तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटात, विशेषतः पिवळ्या-लाल छटांत, शिसं किती असेल ह्याला काही धरबंध नव्हता. तो मुलगा जे दार घासत होता ते 2017 च्या नंतरचं नक्कीच नव्हतं. मी चौरंग उचलून परत आले. हे सांगताना मला फार नैतिक वाटून घ्यायचं नाही. दार तिथेच राहिलं, मुलगाही. मी फक्त माझ्या चौरंगाची धूळ त्याच्या फुप्फुसात जाऊ दिली नाही.

मग ती कुणाच्या जाऊ द्यायची? बाल्कनीत बसायचं तर बाहेर नोव्हेंबरची नोएडाची हवा, वर्तमानपत्रात रोज ‘ग्रॅप’चा कितवा टप्पा त्याचे आकडे, आणि आत माझी तेरा वर्षांची मुलगी. शिशाची भीती असली की रंग कोरडा घासू नये, ओला करून घासावा, म्हणजे धूळ उडत नाही. पण चित्राखाली चिंचोक्याचं अस्तर असेल तर पाण्यानं ते फुगणार. स्पिरिट वापरावं तर लाख स्पिरिटमध्येच विरघळते. पॉलिशवाले चपडी विरघळवतात ती त्यातच. निळा जागच्या जागी राहील आणि फुलं जातील. रिमूव्हर दोन्ही खाईल, हीट गननं लाख वितळेल. पाणी नको, स्पिरिट नको, उष्णता नको, घासणं नको. जुन्या निळ्याची एकच मेहेरबानी होती: गुळगुळीत लाखेवर ऑइलपेंटनं कधी नीट धरलंच नव्हतं. बोथट सुरीची कड बेतानं घातली की तो खवल्यासारखा सुटायचा. खाली ओला कागद पसरून, तोंडाला एन-95 लावून, खवला खवला. तासाला पोस्टकार्डाएवढी जागा होत होती. मुलगी म्हणाली, “तू ह्याच्यापेक्षा लवकर कादंबरी भाषांतर करतेस.”

चार रविवारांत अर्धी बैठक मोकळी झाली. लाल जमीन, पिवळी-हिरवी वेल, मध्यावर कमळाची पाकळी. सुंदर होतं ते. फोटो काढून मी आईला पाठवला.

आईचा फोन आला. ती वन्सं म्हणते आत्याला. “अगं, वन्संचा चौरंग का हा? फुलं होती नाही त्यावर! विसरूनच गेले होते मी.” मग तिला वाटलं मी कशामुळे गप्प आहे कोण जाणे, म्हणून तिनं आपणहून सांगितलं, “ढेकूण झाले होते गं. घरभर. भावजी आजारी, दोन महिने अंथरुणावर, खाटेत, गाद्यांत, पाटात, सगळीकडे. उकळतं पाणी ओतून झालं, रॉकेल घालून झालं. ते गेल्यावर वन्संनी एक दिवस सगळं लाकूड अंगणात काढलं, सांध्यांत लांबी भरली, आणि खिडक्यांचा उरलेला रंग होता तो मारला सगळ्यावर. खाटही निळीच केली होती. आठवत नाही तुला?”

मला आठवत होती. निळी खाट. तिचा अर्थ मात्र मी कधी लावला नव्हता.

हसू आलंच. पण हसून झाल्यावर हा प्रश्न सुटला असं नाही, उलट तो आता नीट उभा राहिला. वहीतल्या दोन ओळी मी खोडल्या नाहीत, त्यांच्या बाजूला ‘ढेकूण’ एवढंच लिहिलं. कारण आईचं उत्तर हे तिचं उत्तर आहे. दोन महिने नवऱ्याची शुश्रूषा केलेल्या बाईनं तो गेल्यावर सगळं लाकूड अंगणात काढून एकाच रंगानं रंगवलं, ह्यात ढेकूण किती आणि बाकीचं किती हे वाटून देता येणार नाही. तिलाही देता आलं नसतं कदाचित. आम्ही विचारलं नाही. ती असताना तो निळा चौरंग प्रश्न विचारण्यासारखा वाटलाच नाही कुणाला.

मग मी जे खरवडत होते ते काय? माझ्या धंद्यातला सगळ्यात आवडता आणि सगळ्यात लबाड शब्द आहे ‘मूळ’. मूळ संहिता, मूळ लेखक, मुळाशी प्रामाणिक. चौरंगाच्या बाबतीत मूळ म्हणजे कोण? चितार आळीतला तो कारागीर, ज्याचं नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही? की त्याच्याही खालचं फणसाचं लाकूड, जे एका पायाशी, जिथे अस्तरही उडालं आहे, तिथे गडद मधासारखं दिसतं? की आत्या, जिनं ही वस्तू तेरा वर्षं लाल आणि पुढे जन्मभर निळी वापरली? माझ्या आठवणीत तर मूळ निळंच आहे. फुलं मी कधी पाहिलीच नव्हती. मग त्यांची ओढ मला कशी?

ह्याचं उत्तर फारसं सुखावह नाही. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला, गंजिफा करणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले असताना, सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी ह्यांनी ही कला परत उभी करायला घेतली. दरबार हॉलमध्ये कारागीर बसू लागले. राजवाडा ते आमचं घर अंतर चालत वीस मिनिटांचं. इकडे ती फुलं वाचवायची खटपट चालली होती आणि तिकडे, थोड्याच काळात, आत्या त्यांच्यावर खिडक्यांचा रंग मारत होती. आज त्या फुलांना नाव आहे, किंमत आहे, दिल्ली हाटात त्यांच्यापुढे थांबणारी माणसं आहेत. निळ्या ऑइलपेंटला नाव नाही. मला आत्याची सुटका करायची होती असं मी म्हणत होते, पण खरं तर मला दिवाणखान्यात सावंतवाडी हवी होती. आत्याचा हात त्याच्या आड येत होता.

स्मारकांच्या जतनासाठी 1964 मध्ये व्हेनिसला जी सनद झाली तिच्या अकराव्या कलमात नेमका हा पेच आहे. एका इमारतीवर वेगवेगळ्या काळांचं काम एकावर एक चढलेलं असेल तर प्रत्येक काळाच्या उचित कामाचा मान राखावा. खालचं उघड करणं अपवादानंच समर्थनीय, तेही जे काढायचं ते अगदीच क्षुल्लक आणि जे निघणार ते फार मोलाचं असेल तेव्हा. आणि पुढे एक फार शहाणी अट आहे: काय ठेवायचं, काय काढायचं हा निर्णय काम करणाऱ्या एकट्यावर सोडू नये. चर्चांसाठी आणि राजवाड्यांसाठी लिहिलेली ही अट मी चौरंगाला लावली तेव्हा मला माझा चार रविवारांचा एकांत जरा वेगळा दिसू लागला. मी कुणालाच विचारलं नव्हतं. आईला फोटो पाठवला तोही अर्धं झाल्यावर, कौतुकासाठी.

आपल्याकडे मात्र ‘जीर्णोद्धार’ नावाची दुसरीच गोष्ट आहे. इन्टॅकच्या 2004 च्या सनदेत, भारतातल्या असंरक्षित वारशाविषयी लिहिताना, तिची आठवण मुद्दाम ठेवली आहे. इथं जुनं गोठवून ठेवायचं नसतं, परंपरेतल्या हातांनी ते पुन्हा नवं करत राहायचं असतं. त्या न्यायानं आत्याचा निळा हा जीर्णोद्धारच नाही का? सांधे उघडे पडले, किडे शिरले, तिनं लांबी भरली, रंग दिला, वस्तू पुढे पन्नास वर्षं टिकवली. कारागिरानं ती सुंदर केली, आत्यानं ती वाचवली. खरंतर लाखेवरचा तो निळा नसता तर विळीनं आणि फणसाच्या चिकानं त्या फुलांचं काय झालं असतं हेही उघड आहे.

आणि तरीही ह्या बाजूलाही मला पूर्ण जाता येत नाही. 2022 मध्ये सप्तशृंगगडावर देवीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर उतरवले गेले. काही आठवडे गाभाऱ्यातलं दर्शन बंद होतं. नवरात्रात लोक गेले तेव्हा कड्यात कोरलेलं एक अधिक रेखीव रूप समोर होतं. तो शेंदूर काही कुणी वैऱ्यानं फासला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भक्तीचं ते वजन होतं. माझ्या मावशीच्या देवघरात अजून जुन्या रूपाचा फोटो आहे, ती तो बदलत नाही. आणि गडावर जाऊन नवं रूप पाहून तिचे डोळे भरले होते हेही तितकंच खरं. म्हणजे वरचा थर प्रेमानं दिलेला आहे एवढ्यानं तो कायमचा राहायला हवा असं होत नाही. थरांचं वजन दगडाला पेलेनासं होतं तेव्हा कुणाला तरी तो काढावा लागतो.

मराठी वाचणाऱ्याला ह्या सगळ्यात एकनाथ आठवल्याशिवाय राहणार नाहीत. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांत नकलणाऱ्यांच्या हातून शिरलेले पाठ त्यांनी काढले, आणि पुढे कुणी स्वतःची ओवी घालू नये म्हणून ताकीद दिली. त्यांनी काय काढलं ते आज पाहता येत नाही. 1909 मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा लोकांना पहिल्यांदा वाटलं की शुद्ध प्रतीच्या खालीही काही असू शकतं, आणि त्या प्रतीच्या अस्सलपणाबद्दलचा वाद पुढे चालू राहिला. पण एकनाथांच्या कामातली एक गोष्ट मला आज जास्त महत्त्वाची वाटते: त्यांनी ते लपवलं नाही. शेवटी शक घातला, संवत्सर घातलं, आपलं नाव घातलं. हे मी केलं, ह्या साली केलं.

मी असं केलं नाही, एकदा. काही वर्षांपूर्वी एका बाईंचं आत्मकथन हिंदीतून मराठीत आणत होते. त्यांची वाक्यं फिरून फिरून त्याच जागी यायची. एकच प्रसंग तीन प्रकरणांत तीनदा. मी तो एकदाच ठेवला. वाक्यं विंचरली. पुस्तकाचं कौतुक झालं. बाईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि मला फोनवर म्हणाल्या, “बहुत अच्छा है बेटा। बस, मैं इतना सीधा नहीं बोलती।” प्रस्तावनेत मी ह्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. मला वाटत होतं मी त्यांच्या गोष्टीवरची धूळ झटकत आहे. त्या वाचकांना आजही हे ठाऊक नाही की तो प्रसंग त्यांना तीनदा सांगायचा होता.

म्हणून चौरंगाचं काय करायचं हे ठरवताना मला बरोबर-चूक सापडली असं मी म्हणणार नाही. एवढंच कळलं की थर काढणं हे थर देण्याइतकंच कर्तेपण आहे. उघडं केलेलं लाल हे 1961 चं लाल नाही, ते मी निवडलेलं लाल आहे. आणि दोघींत एक फरक आहे जो माझ्या बाजूनं नाही. आत्यानं जे झाकलं ते परत मिळवता आलं. मी जे खरवडलं ते ओल्या कागदात गुंडाळून फेकलं गेलं. नंतर मला पश्चात्ताप झाला तर मी दुकानातून निळा आणू शकते, पण तो आत्याचा निळा नसेल. झाकणाऱ्याला जेवढी घाई परवडते तेवढी उघडणाऱ्याला परवडत नाही.

भावंडांच्या ग्रुपवर मी शेवटी विचारलं. उत्तरं आली ती अशी: एकाचा अंगठा, एकीचं “वाह, किती छान, पूर्ण कर ना”, आणि कोल्हापूरच्या चुलतभावाचं, “निळा काढलास? मग आत्याचा कसा राहिला तो?” बहुमत घ्यायचं तर पूर्ण करायला हरकत नव्हती. मी थांबले. निम्मी बैठक लाल आहे, निम्मी निळी, आणि चारही पाय निळे, त्या ओघळासकट. हे दिसायला वाईट आहे हे मी कबूल करते. संग्रहालयात भिंतीवर एक चौकोन जसा साफ करून दाखवतात तसं, शहाणपणाचं प्रदर्शन मांडल्यासारखं. पाहुणे विचारतात, काम अर्धवट का? सांगायला गेलं तर चहा गार होतो. खालच्या बाजूला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, मी पेन्सिलनं तारीख लिहिली आहे आणि काय काढलं ते दोन ओळींत. आत्याच्या नावाखाली 1974, आणि त्याखाली माझं.

फेब्रुवारीत आई आली. सामान ठेवायच्या आधी तिनं चौरंग पाहिला, वाकून फुलांवरून एकदा हात फिरवला. मग तो आडवा केला, चष्मा वर सरकवला, आणि पायाच्या सांध्यात नख घालून बराच वेळ काहीतरी तपासत राहिली.

“लांबी घट्ट आहे अजून,” ती म्हणाली. “ती काढू नकोस.”